हेअर ट्रान्सप्लांटनंतर डोकं खाजतंय? हात वर जाण्याआधी हे वाचा

हेअर ट्रान्सप्लांट करायला निघालेल्या माणसाला भीती असते ती दुखण्याची. डोक्यात हजारो बारीक छिद्रं पाडणार म्हटल्यावर ती साहजिकच आहे. पण हे ऑपरेशन जागा बधिर करून होतं आणि नंतरचं दुखणंही डॉक्टरांनी दिलेल्या साध्या गोळ्यांनी बहुतेकदा दोन-तीन दिवसांत आटोक्यात येतं. झोप उडवते ती त्यानंतर सुरू होणारी खाज. दिवसा माणूस कसाबसा हात आवरतो. रात्री अडीच वाजता अर्धवट झोपेत नखं डोक्यापर्यंत पोचतात आणि तो दचकून उठतो. मग मोबाइलचा टॉर्च, बाथरूमचा आरसा, उशीच्या अभ्र्यावर केसांची शोधाशोध आणि एकच प्रश्न: ग्राफ्ट गेले की काय?

बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. पण ते कुठल्या दिवशी ‘नाही’ आणि कुठल्या दिवशी ‘कदाचित हो’, हे माहीत असणं गरजेचं आहे. कारण इथे प्रश्न फक्त बिलाच्या पैशांचा नाही. डोक्याच्या मागच्या भागातून काढलेलं केसाचं मूळ तिथे परत उगवत नाही. ते पुढे लावल्यावर निघून गेलं, तर ते कायमचं गेलं. प्रत्येकाच्या डोक्यावर असा साठा ठरावीकच असतो, आणि टक्कल मात्र वयाबरोबर पुढे सरकत राहतं.

डोक्यावर नेमकं काय झालेलं असतं?

डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या भागातले केस टक्कल पाडणाऱ्या हार्मोनला सहसा दाद देत नाहीत. म्हणूनच पूर्ण टक्कल पडलेल्या माणसाच्याही कानामागून मागे केसांची झालर शिल्लक राहते. तिथली मुळं काढून पुढे लावली, तर ती नव्या जागीही आपला मूळ स्वभाव टिकवतात. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५० च्या दशकात हे दाखवून दिलं आणि आजचं सगळं हेअर ट्रान्सप्लांट त्याच तत्त्वावर उभं आहे.

मुळं काढायच्या दोन पद्धती आहेत. एफयूटीमध्ये मागच्या बाजूने त्वचेची एक पट्टी कापून तिथे टाके घालतात आणि त्या पट्टीतून मुळं वेगळी करतात. सध्या जास्त चालते ती एफयूई. त्यात साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या गोल पंचने एकेक पुंजका काढला जातो. एका पुंजक्यात एक ते चार केस असतात, त्यालाच ग्राफ्ट म्हणतात.

आता साधा हिशेब करा. २००० ग्राफ्ट लावले म्हणजे मागे २००० जखमा आणि पुढे २००० जखमा. चार हजार जखमा एकाच वेळी, एकाच डोक्यावर भरून येत असतात. एवढ्यानंतर डोकं खाजलं नसतं तरच नवल.

खाज सुटते तरी का?

‘खाज सुटली म्हणजे जखम भरतेय’ असं घरातली जुनी माणसं म्हणतात, त्यात बरंच तथ्य आहे. जखम झाली की त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात. त्याने रक्तवाहिन्या फुगतात, दुरुस्तीचं सामान तिथे पोचतं आणि त्याच वेळी खाजेचा निरोप नेणाऱ्या बारीक नसाही चाळवल्या जातात. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांतली खाज ही बरीचशी दुरुस्तीच्या कामाचा आवाज असते.

पण एकच कारण नसतं. प्रत्येक ग्राफ्टभोवती रक्त आणि लस सुकून खपली धरते. ती वाळली की आकसते आणि खालची त्वचा ओढते. ऑपरेशनच्या दिवसापासून डोक्याला तेल-शाम्पू काही नसतं, त्यामुळे त्वचा कोरडी पडलेली असते. ऑपरेशनसाठी कापलेले केस आखूड खुंटांसारखे वर येताना टोचतात. दाढी दोन दिवस वाढवली की जशी चुणचुण होते, तशीच ही.

मागच्या भागाची खाज थोडी निराळी असते. मुळं काढताना किंवा पट्टी कापताना त्वचेतल्या बारीक नसा तुटतात. आधी तिथे बधिरपणा येतो. मग त्या नसा पुन्हा जुळू लागल्या की मुंग्या येतात, मध्येच सणक जाते, कधी वरून खाजवूनही न शमणारी खोलवरची खाज येते. एफयूटीच्या टाक्यांच्या रेषेवर हे जास्त जाणवतं. हे काही आठवडे, कधी काही महिनेही चालतं. नसांची वाढ मुळातच संथ असते, त्यामुळे दोन महिन्यांनी तिथे थोडं बधिर लागलं म्हणून घाबरायचं कारण नसतं.

आणि रात्रीच का वाढते? शरीरात सूज आवरणारं कॉर्टिसॉल रात्री कमी झालेलं असतं, अंथरुणात त्वचा गरम होते, आणि लक्ष दुसरीकडे वेधायला काही नसतं. दिवसभर ऑफिसच्या कामात दबलेली खाज दिवा मालवल्यावर डोकं वर काढते.

खाजवल्यावर बरं वाटतं, कारण नखांनी होणारी किंचित वेदना मेंदूकडे जाणारा खाजेचा निरोप थोडा वेळ दाबून टाकते. पण त्याच नखांनी त्वचेला नवी इजा होते, त्यातून पुन्हा सूज आणि पुन्हा खाज. हे चक्र डास चावल्यावर सगळ्यांनीच अनुभवलेलं असतं. फरक इतकाच, की डास चावलेल्या जागी गमावण्यासारखं काही नसतं.

पहिले नऊ दिवस महत्त्वाचे

ग्राफ्ट किती दिवसांत घट्ट बसतो? अमेरिकेतले रॉबर्ट बर्नस्टीन आणि विल्यम रॅसमन या दोन डॉक्टरांनी याचा सरळ तपास केला आणि २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. लावलेला केस रोज ओढून बघायचा, खपली ओढून बघायची आणि ग्राफ्ट बाहेर येतो का ते नोंदवायचं.

निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिले दोन दिवस केस ओढला की ग्राफ्ट हमखास निघत होता. सहाव्या दिवसापासून नुसता केस ओढून ग्राफ्ट निघाला नाही. पण चिकटून बसलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत प्रत्येक वेळी ग्राफ्ट गेला. पुढे हे प्रमाण कमी होत गेलं, तरी आठव्या दिवसापर्यंत ते शून्यावर आलं नव्हतं. नवव्या दिवसापासून ग्राफ्ट सुरक्षित.

याचा अर्थ नीट बघितला तर खरा धोका केसाला हात लागण्यापेक्षा खपली उचकटण्यात आहे. आणि खाजवताना नखात नेमकी खपलीच सापडते. म्हणूनच खपली जाड होऊ न देणं हा खाजेवरचाही उपाय आहे आणि ग्राफ्ट वाचवण्याचाही.

ग्राफ्ट खरंच निघाला का, हे ओळखायची एक साधी खूण आहे. पहिल्या काही दिवसांत ग्राफ्ट सुटला तर त्या जागेतून रक्त येतं. रात्री हात लागला, पण सकाळी कुठे ताजं रक्त नाही, तर बहुधा काही बिघडलेलं नाही. रक्त आलंच, तर स्वच्छ गॉझने काही मिनिटं हलकं दाबून धरायचं आणि क्लिनिकला फोन करायचा. निघालेला ग्राफ्ट घरच्या चिमट्याने परत बसवण्याचा प्रयोग कुणीही करू नये. त्यात शेजारचे दोन जातात.

धुण्याची भीती, आणि तीच चूक

ऑपरेशन झालेले बरेच जण डोक्याला पाणी लावायलाच घाबरतात. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवसापासून धुवा सांगितलेलं असतं, हे सातव्या दिवसापर्यंत टाळतात. मग खपल्या वाळून कडक होतात, खाज दुप्पट होते आणि शेवटी सहन न होऊन नखांनीच काम सुरू होतं. एवढा खर्च करून घेतलेली काळजी उलटी अंगावर येते ती अशी.

पहिले काही दिवस सलाइनचा फवारा हा सगळ्यात सुरक्षित उपाय. ०.९ टक्के मिठाचं हे निर्जंतुक पाणी औषधाच्या दुकानात मिळतं आणि बहुतेक क्लिनिक स्प्रेची बाटली सोबतच देतात. जागेपणी दर तासा-दोन तासांनी, खाज सुटली की लगेच, थोड्या अंतरावरून हलका फवारा मारायचा. खपली ओलसर राहते, ताण कमी होतो. घरचं मीठ पाण्यात अंदाजाने ढवळून करू नये. ते जास्त झालं तर आगच होते.

धुणं कोणत्या दिवशी सुरू करायचं हे आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावं, कारण क्लिनिकनुसार ते पहिल्या ते तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बदलतं. पद्धत मात्र जवळपास सारखी. शॉवरची धार थेट डोक्यावर नको. सौम्य शाम्पूचा मगात फेस करायचा, तो फेस हाताने नुसता ठेवल्यासारखा लावायचा, चोळायचा नाही. काही मिनिटांनी कोमट पाणी मगाने हळू सोडायचं. बोअरचं जड पाणी येत असेल तर शेवटचा एक मग फिल्टरच्या पाण्याचा घेतलेला बरा, कारण क्षारांनी कोरडेपणा वाढतो. नंतर टॉवेल घासायचा नाही. मागचा भाग टिपून घ्यायचा, पुढचा तसाच वाळू द्यायचा. हेअर ड्रायरची गरम हवा नकोच.

आठव्या-दहाव्या दिवसानंतर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, फेस दहा मिनिटं मुरू द्यायचा आणि बोटांच्या मऊ टोकांनी, नखांनी नव्हे, हलकं गोल फिरवत खपल्या सोडवायच्या. एका दिवसात सगळ्या निघायलाच हव्यात असा हट्ट नको. दोन आठवड्यांपर्यंत बहुतेकांचं डोकं साफ होतं आणि त्याच सुमारास खाजही निम्म्याहून खाली येते.

झोपेत हात जातो त्याचं काय? नखं अगदी मुळापर्यंत कापायची. पहिल्या काही रात्री डोकं उंचावर ठेवून, मानेला प्रवासाची गोल उशी लावून झोपायचं, म्हणजे कूस बदलून डोकं घासलं जात नाही. हातात सुती मोजे घालणं हास्यास्पद वाटतं, पण उपयोगी पडतं. खोली थंड ठेवायची. घामातलं मीठ ओल्या जखमेवर काय करतं ते मे महिन्यात ट्रान्सप्लांट केलेल्या कुणालाही विचारा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पंख्याखाली बसूनही डोकं घामेजतं, त्यामुळे तारीख निवडायची मुभा असेल तर उन्हाळा टाळलेला बरा. व्यायाम, धावणं, पोहणं हे काही आठवडे बंद.

हेल्मेटचा प्रश्न पुण्यासारख्या शहरात टाळता येत नाही. पहिल्या दहा दिवसांत हेल्मेट घट्ट बसवताना आणि काढताना ग्राफ्ट घासतात, आत घाम साचतो तो वेगळाच. पण यावर उत्तर ‘विनाहेल्मेट गाडी’ हे नाही. उत्तर रिक्षा, बस किंवा घरून काम हे आहे.

तेल, लिंबू, कोरफड आणि आईचा आग्रह

डोकं खाजतंय म्हटल्यावर आपल्या घरात पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. मागोमाग कांद्याचा रस, लिंबू, दही, कापूर, हळद. माया खरी असली तरी या दिवसांत हे डोक्यापासून लांब ठेवावं. लिंबू आणि कांद्याचा रस उघड्या जखमेला जाळतो. स्वयंपाकघरातली हळद किंवा दही निर्जंतुक नसतं. कापराने क्षणभर गार वाटतं, पण जखम असलेल्या त्वचेवर तो झोंबतो. तेल लावायचं म्हणजे चोळणं आलं, आणि पुढे ते काढायला जोरात धुणं आलं. शिवाय ज्यांना आधीपासून कोंडा आहे त्यांच्यात मॅलॅसेझिया ही बुरशी तेलकटपणावरच वाढते, म्हणजे तेलाने खाज कमी होण्याऐवजी वाढू शकते.

कोरफडीचं बऱ्याच ठिकाणी कौतुक होतं. कुंडीतलं पान कापून चीक थेट डोक्यावर लावण्यात मात्र धोका आहे. पानाच्या सालीखालच्या पिवळट चिकाची अनेकांना ॲलर्जी येते. बाजारातल्या जेलमध्ये सुगंध आणि रंग असतात. जखमा पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारून, साधं जेल चालेल. तोवर सलाइन बरं.

गोळी घ्यावी का?

खाज फारच असेल तर डॉक्टर सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिनसारखी अँटिहिस्टामिन गोळी देतात. सेटिरिझिनने काहींना गुंगी येते. रात्री ती सोयीची, सकाळी गाडी चालवताना नाही. इतर औषधं सुरू असतील तर तेही सांगायला हवं.

मलमांच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. आपल्याकडे खाजेचं मलम मागितलं की दुकानदार बऱ्याचदा स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब हातात ठेवतो. स्टिरॉइडने खाज झटकन थांबते खरी, पण जखम भरायचा वेग मंदावतो आणि आत जंतुसंसर्ग असेल तर तो झाकला जाऊन वाढतो. काही वेळा डॉक्टर स्वतः सौम्य स्टिरॉइड लोशन देतात. ते कधी, कुठे आणि किती दिवस हे त्यांनी ठरवलेलं असतं, फरक तिथे आहे.

उलट एखाद्या मलमानेच खाज सुरू होते हेही होतं. निओमायसिन असलेली अँटिबायोटिक मलमं, पोव्हिडोन आयोडिन, एखादा सुगंधी शाम्पू यांची ॲलर्जी येऊ शकते. ओळखायची खूण म्हणजे खाज कमी होत होती आणि नवीन काहीतरी लावल्यावर अचानक भडकली, लाल पट्टा नेमका तेवढ्याच जागेपुरता आला. मिनॉक्सिडिल पुन्हा सुरू केल्यावरही असं होतं. त्यात बऱ्याचदा दोष औषधाचा नसून ते ज्यात विरघळवलेलं असतं त्या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. अशांना डॉक्टर फोम देऊन बघतात, त्यात सहसा ते नसतं.

दोन आठवड्यांनंतरची खाज

इथून कारणं बदलतात. दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या आसपास लावलेले केस गळायला लागतात. सकाळी उशीवर आखूड केस, काहींच्या टोकाला वाळकी खपली. ते पाहून रडकुंडीला आलेल्यांची संख्या कमी नसावी. पण तो ठरलेला टप्पा आहे. गळतो तो वरचा केस, मूळ आत विश्रांती घेत असतं. तीन-चार महिन्यांनी त्यातून नवा केस फुटतो आणि खरा निकाल दिसायला वर्षभर जातं. (लग्नाला दोन महिने उरले असताना ट्रान्सप्लांट करायला जाणाऱ्यांना ही गोष्ट आधी कुणीतरी सांगायला हवी.)

नवे केस त्वचा भेदून बाहेर येताना पुळ्या येतात, त्याही खाजतात. दोन-चार पुळ्या असतील तर कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने दिवसातून काही वेळा शेकलं तरी पुरतं. त्या फोडू नयेत. पुळ्या पसरत गेल्या, पू धरू लागला, तर तो केसांच्या मुळांचा संसर्ग असू शकतो आणि त्यावर औषध लागतं.

जुना कोंडाही याच काळात परततो, कारण रोजचा औषधी शाम्पू बंद झालेला असतो. पिवळट तेलकट पापुद्रे, भुवया किंवा नाकाच्या बाजूलाही तसंच दिसत असेल तर ते ट्रान्सप्लांटचं नाही. किटोकोनाझोलचा शाम्पू परत कधी सुरू करायचा एवढंच विचारायचं.

कधी थांबायचं नाही

साधी खाज दिवसागणिक कमी होते. ज्या खाजेबरोबर दुखणं वाढतंय, जागा गरम लागतेय, लाली पसरतेय, पू किंवा दुर्गंध येतोय, ताप आहे, तिथे घरी वाट बघायची नाही. लावलेल्या भागात त्वचा करडी, जांभळी किंवा काळपट पडत असेल तर त्या जागेचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. हे क्वचित होतं, पण धूम्रपान करणाऱ्यांना आणि मधुमेह आटोक्यात नसलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो. त्यात एकेक तास मोलाचा असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळ आणि डोळ्यांभोवती येणारी मऊ सूज सहसा आपोआप उतरते. पण अंगभर गांध्या, ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं हे ॲलर्जीचं गंभीर रूप आहे. तेव्हा क्लिनिकला फोन लावत बसू नये, जवळचं हॉस्पिटल गाठावं.

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर २०१९ मध्ये मुंबईत एका व्यावसायिकाचा ट्रान्सप्लांटनंतर मृत्यू झाला होता. २०२५ मध्ये कानपूरमध्ये ट्रान्सप्लांटनंतर झालेल्या मृत्यूच्या प्रकरणात एका दंतवैद्यावर गुन्हा दाखल झाला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्येच मार्गदर्शक सूचना काढून ही शस्त्रक्रिया प्रशिक्षित डॉक्टरनेच करावी असं सांगितलं होतं. वर्कशॉपमध्ये किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हेही त्यात लिहावं लागलं यावरून बाजाराची अवस्था कळते.

म्हणून क्लिनिक निवडताना ‘किती ग्राफ्ट, किती पैसे’ याच्या जोडीने एक प्रश्न विचारावा: पाचव्या दिवशी रात्री काही झालं तर फोन कोण उचलणार, डॉक्टर की सेल्सवाला? इस्तंबूलला जाऊन पॅकेजमध्ये ट्रान्सप्लांट करून चार दिवसांत परत येणाऱ्यांसाठी हा प्रश्न आणखी टोकाचा आहे, कारण खाज ऐन भरात येते तेव्हा ते घरी पोचलेले असतात. त्यांनी निघण्याआधीच गावातल्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाशी बोलून ठेवावं आणि येताना किती ग्राफ्ट लावले, कोणती औषधं दिली याचा कागद मागून घ्यावा. रोज एकाच उजेडात, एकाच कोनातून डोक्याचा एक फोटो काढून ठेवला, तर लाली वाढतेय की ओसरतेय हे तपासणाऱ्या डॉक्टरला एका नजरेत कळतं.